अनारशाची जर्मन मावसबहीण

नोव्हेंबर सरत आला की आमच्या न्यूर्नबर्गच्या जिन्यात वास सुटतो. दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायपत्री, धणे. डोळे मिटले तर वाटावं, खाली कुणीतरी गोडा मसाला भाजतंय. तेवढ्यात त्यात मध मिसळतो आणि आपण पुण्यात नाही हे कळतं. हे लेबकूखन, मध-मसाल्याचं जर्मन बिस्किट!

मसाल्यांचं इथे काय काम, हा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला होता. याला 'फेफरकूखन', म्हणजे मिऱ्याचा केक, असंही म्हणतात. जुन्या काळी समुद्रापलीकडून आलेला कुठलाही मसाला इथे 'मिरं'च. मलबारचा माल व्हेनिसमार्गे या शहराच्या बाजारात यायचा, आणि मध शेजारच्या राजवनातून. त्या जंगलाला तर पवित्र रोमन साम्राज्याची मधमाश्यांची बागच म्हणत. १९९६ पासून युरोपच्या कायद्याने शहराच्या हद्दीबाहेर केलेल्या लेबकूखनला 'न्यूर्नबर्गर' म्हणता येत नाही. आमचं घर हद्दीच्या आत आहे, त्यामुळे माझे फसलेले दगडही अस्सल, अशी मी स्वतःची समजूत घालते.

दगडच झाले होते खरे. खालच्या आजींनी सांगितल्याप्रमाणे मध आणि साखर मंद आचेवर पातळ केली, निवल्यावर मैदा, मसाला, बदामाचा कूट आणि पाकात मुरवलेली संत्र्याची साल घातली. फुगण्यासाठी दोन क्षार. एक पोटॅश आणि दुसरा 'हरणाच्या शिंगाचं मीठ', जे पूर्वी खरंच शिंगांपासून काढत. दोन्ही वेगवेगळ्या वाट्यांत विरघळवायचे, एकत्र नाही. पीठ इतकं चिकट की हात वाटीत, वाटी हातात. ते दोन दिवस डब्यात झाकून ठेवलं. पूर्वीचे बेकर म्हणे ते पिंपात महिनोन्महिने मुरवत.

भाजताना ओव्हनचं दार उघडलं आणि अमोनियाचा असा भपकारा आला की डोळ्यांना धारा लागल्या. नवऱ्याने न विचारता खिडकी उघडली. शिंगाच्या मिठाचा हा वायू पूर्ण उडून जातो, म्हणूनच हे मीठ पातळ, चपट्या बिस्किटांतच वापरतात. जाड केकात ते आत अडकेल.

निवल्यावर एक तुकडा तोंडात टाकला. दाढ हलली. नवरा म्हणाला, "चहात बुडवायचं की चहा त्यावर ओतायचा?"

मी ताट घेऊन रडवेल्या चेहऱ्याने खाली गेले. आजींनी एक उचलून टेबलावर ठक्‌ ठक्‌ वाजवलं आणि खूश झाल्या. "छान झालेत. आता पत्र्याच्या डब्यात ठेवा, सोबत सफरचंदाची फोड. तीन आठवडे झाकण उघडायचं नाही."

तेव्हा मला आई आठवली. अनारशाचं पीठ डब्यात भरून ती आम्हाला हेच बजावायची. घाई केली की अनारसा तुपात हसतो आणि आई रडते. फरक इतकाच, की आपण मुरवून तळतो, हे भाजून पुन्हा मुरवतात.

तीन आठवड्यांनी डबा उघडला. सफरचंदाची फोड सुकून सुरकुतली होती. लेबकूखन बोटाने दाबलं तर दबलं. नवरा सवयीने चहाचा कप घेऊन आला होता. एक तोंडात, एक हातात, तिसऱ्यावर नजर. आणि कपातल्या चहावर साय धरली.