कलोडनच्या माळावर भेटलेलं टार्टन

एडिंबरा गर्दीतच सरलं. रॉयल माइल या रस्त्यावर पावलापावलाला टार्टनची, म्हणजे चौकड्यांच्या स्कॉटिश लोकरी कापडाची, दुकानं, आणि दुकानांत आडनावांचे तक्ते: नाव शोधा, आपल्या कुळाचं कापड न्या. घराण्याची खूण अशी ढिगानं विकायला मांडलेली पाहून मला फार राग आला.

इन्व्हरनेसहून बसनं कलोडनला गेले. १६ एप्रिल १७४६ ला या माळावर तासाभराच्या आत जॅकोबाइट सैन्य, पदच्युत स्टुअर्ट राजघराण्यासाठी बंडाला उठलेलं, संपलं. वाऱ्यात उभं राहवत नव्हतं, तरी पाय निघेना. गवतात कुळांच्या नावांचे दगड आहेत, १८८१ मध्ये बसवलेले. एकावर फ्रेझर, एकावर मॅकिंटॉश, आणि एकावर नुसतंच ‘मिक्स्ड क्लॅन्स’, म्हणजे मिसळलेली कुळं. त्या दगडापाशी मी बराच वेळ थांबले. लढले तेव्हा कापडावरून कूळ कळतच नव्हतं. आपला माणूस ओळखायचा तो टोपीवरच्या पांढऱ्या फितीवरून. डेव्हिड मोरिएनं रंगवलेल्या त्या बंडाच्या चित्रात तर एकेका हायलँडरच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या माणसाच्या, अंगावर दोन-तीन तऱ्हेच्या चौकड्या आहेत.

पराभवानंतर कायद्यानं पुरुषांचा हायलँड पोशाखच बंद केला. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, पुन्हा सापडला तर सात वर्षं काळं पाणी. मुभा फक्त राजाच्या सैनिकांना. १७८२ मध्ये बंदी उठली. १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीनं कुळप्रमुखांकडे नमुने मागितले, तेव्हा काहींना आपलं टार्टन कोणतं हेच ठाऊक नव्हतं. १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला आणि टार्टनची मागणी उसळली. बॅनकबर्नच्या विल्सन विणकरांच्या वहीतला ४३ क्रमांकाचा नमुना पुढे मॅक्फर्सनांचा झाला!

फ्रेझरांच्या दगडापाशी कॅनडाहून आलेले एक आजोबा होते, किल्ट, म्हणजे टार्टनचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, घातलेले. हे सगळं त्यांना माहीत होतं. “कापड गिरणीतलंच,” ते म्हणाले, “पण माझे वडील लग्नात हेच नेसले होते, आणि त्यांना मूठमाती दिली तीही यातच.” त्यावर काय बोलणार? दीडदोनशे वर्षं लग्नात आणि मर्तिकात वापरलेलं कापड त्या घराचंच असतं, असं मी आता मानते.

दुकानांवरचा राग मात्र गेलेला नाही. स्कॉटलंडच्या सरकारी टार्टन नोंदवहीत, २००९ पासून, कुणालाही फुकट शोधता येतं, आणि नमुन्याची जुन्यात जुनी नोंद कधीची तेही तिथे मिळतं. तेवढं साल तक्त्यावर आडनावापुढे छापायला काय हरकत आहे?