अकरावा

तीन जुलैला चर्चमध्ये सकाळच्या पहिल्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनाविधीला, पोचायला मला उशीर झाला. पाऊस, छत्री, शिवाय आदल्या रात्रीचं जागरण. शेवटच्या बाकावर टेकलो आणि सवयीनं माणसं मोजली. दहा. कामाच्या दिवशी तेवढीच असतात. म्हणजे मी अकरावा. छत्रीचं पाणी बाकाखालून पुढे सरकत होतं आणि पुढच्या बाई हळूच चपला बाजूला घेत होत्या.

मोजणी संपली आणि हसू आलं. आज सण कुणाचा, तर येशूच्या बारा शिष्यांपैकी थोमाचा. येशूच्या पुनरुत्थानाच्या संध्याकाळी दारं बंद करून बसलेल्या बारांतला यहूदा आता नव्हता, आणि थोमा नेमका बाहेर गेलेला. उरले दहाच. थोमा कुठे गेला होता हे शुभवर्तमान लिहिणारा योहान सांगत नाही. मला आपलं वाटतं, भाकरी आणायला गेला असेल. सगळेच भिऊन कड्या लावून बसले तर कुणीतरी बाहेर पडावंच लागतं. तो परत आला तर दहाही जण एकच सांगताहेत, आम्ही प्रभूला पाहिलं. आणि हा म्हणतो, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय, कुशीत हात घातल्याशिवाय मी मानणार नाही.

एवढ्या एका वाक्यावर बिचाऱ्याला दोन हजार वर्षं ‘संशयी’ म्हणतात. तेच दहा जण सकाळी, येशूला पाहिलं असं सांगणाऱ्या मग्दालिया मरियेचं ऐकून कुठे लगेच नाचायला लागले होते? त्यांनी पाहिलं, मग मानलं. थोमानं तेवढंच मागितलं. खुंट हलवून बळकट करून घेणं याला आपण एरवी शहाणपण म्हणतो.

त्याच्या आधीच्या दोन गोष्टी तर कुणाच्या लक्षातही नसतात. येशू आपल्या मित्राकडे, लाजराकडे, निघाला तेव्हा तिथे जायचं म्हणजे जिवाला धोका, हे माहीत असताना ‘चला, आपणही याच्याबरोबर मरू’ असं म्हणणारा हाच. आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी, तुम्ही कुठे जाता तेच आम्हाला ठाऊक नाही, मग वाट कशी ठाऊक असणार, असं विचारणाराही हाच. वर्गात सगळे माना डोलवत असताना एक मुलगा हात वर करून ‘सर, कळलं नाही’ म्हणतो, त्यातला प्रकार. त्याला नावही धड मिळालं नाही. थोमा म्हणजे अरामी भाषेत जुळा, दिदुम म्हणजे ग्रीकमध्ये जुळा. कुणाचा जुळा, ते शेवटपर्यंत कळत नाही.

माझ्या आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात हा सण 21 डिसेंबरला होता. उत्तर गोलार्धातली वर्षातली सगळ्यांत मोठी रात्र साधारण त्याच सुमाराला येते. चाचपडणाऱ्या संताला तारीख शोभूनही दिसायची. 1969 साली रोमनं कॅलेंडर नव्यानं मांडलं. नाताळाआधीचा आठवडा आगमनकाळासाठी, म्हणजे नाताळच्या तयारीसाठी, मोकळा हवा म्हणून थोमाला उचलून 3 जुलैला आणलं. ही तारीखही हवेतून काढलेली नव्हती. त्याच्या अस्थी एदेस्सा शहरी नेल्याची आठवण सुरियानी परंपरा याच दिवशी करते, आणि केरळातले सुरियानी ख्रिस्ती ‘दुक्राना’, म्हणजे त्याचा स्मरणदिन, पाळतात तोही याच दिवशी. ऑर्थोडॉक्स मंडळींचा थोमा 6 ऑक्टोबरचा. काही अँग्लिकन अजूनही डिसेंबर सोडत नाहीत. आजीचं म्हणणं एकच होतं, “संताला बदलीची ऑर्डर कशी येते रे?” ती शेवटपर्यंत डिसेंबरातच मेणबत्ती लावायची. जुलैत मिस्सेला यायची ती आमच्या समाधानासाठी.

फादरांचा झगा आज लाल होता. रक्तसाक्षी संताचा रंग. इसवी सन 52 मध्ये तो केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि 72 मध्ये आजच्या चेन्नईतल्या मैलापूरजवळ भाल्यानं मारला गेला, ही आपल्याकडची परंपरा. थोमाच्या नावानं चालत आलेली गोष्ट आपण पुरावा न मागता मानतो, यातली गंमत त्यालाच सगळ्यांत जास्त कळली असती.

शुभवर्तमान वाचून झालं. दर वर्षी ऐकताना मी एका जागी कान टवकारतो. आठ दिवसांनी येशू येतो, थोमाला म्हणतो, तुझं बोट इकडे आण. आणि थोमा म्हणतो, माझ्या प्रभू, माझ्या देवा. मध्ये काही नाही. बोट घातलं असं योहान लिहीतच नाही. ते घातलं चित्रकारांनी. काराव्हाज्जोनं 1601-02च्या सुमाराला काढलेल्या चित्रात येशूनं थोमाचं मनगट धरलंय, बोट जखमेत शिरलंय, कपाळभर आठ्या, आणि थोमाच्या खांद्यावर अंगरख्याची शिवण उसवलेली. त्या उसवलेल्या शिवणीसाठी चित्रकाराला सगळं माफ.

मला मात्र मधले आठ दिवस खुणावतात. दहा जणांनी पाहिलेलं, एकानं नाही. तरी तो त्यांच्यातच जेवला-झोपला असणार, कारण आठव्या दिवशी तो तिथेच आहे. ‘मानत नसशील तर चालता हो’ असं कुणी म्हटल्याचं वाचलं नाही. त्यानंही ‘तुम्ही भ्रमिष्ट आहात’ म्हणून घर सोडलं नाही.

प्रवचनानंतर सगळे विश्वासांगीकार, म्हणजे ‘मी मानतो’ अशी श्रद्धेची कबुली, म्हणायला उठलो. प्रेषितांच्या सणांना एरवी तो म्हणत नाहीत. पण भारतात थोमाच्या दिवसाला महोत्सवाचा, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या सणाचा, मान आहे, म्हणून आठवड्याच्या अध्यामध्याही म्हणावा लागतो. नेमका याच्याच दिवशी!

मिस्सा संपली. दारापाशी अकरा जणांची गर्दी. पुढे गेलेल्या काकांनी वळून सांगितलं, “थांबला बरं का पाऊस.” त्या चपलावाल्या बाईंनी आधी पागोळीच्या पलीकडे तळहात धरला. मग मागच्यानं. मग मीही.