सुया मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या

मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीतल्या मुलांना गोधडी शिवायला शिकवते म्हटल्यावर त्यांच्या आयांचा पहिला प्रश्न ठरलेला होता: "काकू, सुई टोचली तर?" टोचेलच, असं मी आधीच सांगून टाकलं. बोटाला टोचलेल्या सुईचं मला फारसं भय वाटत नाही. थेंबभर रक्त येतं, मूल एकदा ओरडतं, बोट साबणाने धुतलं की परत शिवायला बसतं. भय आहे ते हातातून सुटलेल्या सुईचं. फरशीवर पडलेली, कापडाच्या घडीत राहिलेली, किंवा दोन्ही हात अडकलेत म्हणून ओठांत धरलेली. माझा सगळा बंदोबस्त तिच्यासाठी होता.

आयांना मी उलट एकच विचारलं, लशी वेळेवर झाल्यात ना? सरकारी वेळापत्रकात त्रिगुणी लशीचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान असतो, आणि त्यानंतर दहाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. दोघींनी घरी जाऊन कार्ड शोधलं. एका मुलाचा बूस्टर राहिला होता, तो आठवड्याभरात झाला. धनुर्वाताचा विषय तिथेच मिटला.

मुलं सहा होती, पाच ते नऊ वर्षांची, त्यात दोन मुलगे. एका वडिलांना मुलाने शिवायला बसणं जरा विचित्र वाटत होतं. म्हटलं, आपल्या गावचे कपडे शिवले कुणी? शिंपीदादांनीच ना? संत नामदेवही शिंप्याच्याच घरचे. त्यावर ते हसले आणि दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर स्वतःचा तुटक्या बटणाचा शर्टही पाठवला.

सुरुवात सुईने केलीच नाही. घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. जाड पुठ्ठ्याच्या पत्रिकांना पंचने भोकं पाडली आणि बुटाच्या नाड्या दिल्या. खालून वर, वरून खाली, एवढंच. पाच वर्षांची एक मुलगी वरून वरच जायची, म्हणजे नाडी कडेवरून गुंडाळली जायची. तिला सांगून कळेना, म्हणून नाडीची आगगाडी केली. प्रत्येक भोक म्हणजे कोकण रेल्वेचा बोगदा, आत शिरलेली गाडी पलीकडून बाहेर आली पाहिजे. मग जमलं. पुढे धावदोरा घालतानाही ती तोंडाने शिट्टी वाजवायची, आणि बाकीच्यांचं लक्ष जायचं.

पत्रिकांनंतर मॅटीचं कापड आणि लोकरीची बोथट सुई. मॅटीला विणीची भोकं दिसतात, त्यामुळे टाका कुठे घालायचा हे मुलांना विचारावं लागत नाही. पाच वर्षांच्या दोघी शेवटपर्यंत मॅटीवरच राहिल्या आणि त्यांनी त्यावर घर, सूर्य, मांजर असं काय काय भरलं. मोठ्यांना मात्र मी लवकरच खऱ्या टोकाची सुई दिली. लोकांना वाटतं, बोथट सुई म्हणजे बिनधोक. मॅटीवर ती ठीकच आहे. पण तीन पदरी सुती कापडात बोथट सुई घुसवायला मूल सगळा जोर लावतं, आणि जोर लावलेली सुई एकदम सुटते तेव्हा कुठे जाईल याचा नेम नाही. टोकदार सुई मऊ कापडातून न भांडता जाते. जराशी लांब आणि मोठ्या नेढ्याची सुई निवडली, म्हणजे चिमटीत धरता येते आणि ओवतानाही रडारड होत नाही.

कापडाचंही तसंच. नवं कोरं, खळ असलेलं कापड मुलांच्या हातात देऊ नये. माझ्याकडे आईची जुनी सुती लुगडी होती, धुऊन धुऊन अगदी मऊ झालेली. सिंथेटिक साडी कुणीतरी आणली होती, रंग सुरेख, पण पदर एकमेकांवरून सरकतात. ती बाजूला ठेवली. मोठ्या बायका वाकळेला पाच-सहा पदरही घालतात. मुलांसाठी तीनच घेतले.

आता बंदोबस्त. बसायला सतरंजी नाही, मोकळी फिकी फरशी, कारण सतरंजीत गेलेली सुई पायालाच सापडते. सहा मुलं, सहा सुया; डब्याच्या झाकणावर आकडा लिहिलेला. सुया मोजून दिल्या, उठताना मोजून घेतल्या, आणि आकडा जुळल्याशिवाय सरबत नाही. सुईत दोरा कायम लाल आणि दुहेरी, शेवटी गाठ. दुहेरी दोऱ्यातून सुई निसटत नाही, आणि पडलीच तर लाल शेपटी दिसते. दोऱ्याची लांबी बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत. याहून लांब दोरा गुंततो, शिवाय तो ओढताना सुईसकट हात शेजारच्याच्या डोळ्यापर्यंत जातो. म्हणून दोघांमध्ये हातभर अंतर ठेवलं, आणि डावखुऱ्या मुलाला रांगेच्या डाव्या टोकाला बसवलं. पाणी प्यायला जायचं तर सुई आधी सुया-टाचण्यांच्या छोट्या उशीत खोचायची. फ्रॉकला खोचायची नाही, ओठांत तर अजिबात नाही. हा शेवटचा नियम खरं तर आम्हा मोठ्यांसाठीच. टाचणी ओठांत धरून बोलायची सवय मला चाळीस वर्षांची, आणि मुलं ऐकतात कमी, बघतात जास्त. दातांनी दोरा तोडणंही त्याच दिवसापासून बंद केलं.

एका आजोबांनी जुन्या स्पीकरमधलं मोठं काळं लोहचुंबक काढून दिलं. शिवण संपल्यावर ते फरशीवरून फिरवायचं काम मुलं भांडून मिळवायची. (हल्ली खेळण्यांत येतात ती इवलीशी ताकदवान चुंबकं या कामाला घेऊ नयेत. लहान मुलाने दोन गिळली तर ती आतड्यात एकमेकांना ओढतात.)

टोचणं झालं ते जवळजवळ सगळं खालच्या हाताला. वरून सुई दिसते, खालचं बोट दिसत नाही. म्हणून कापड सपाट ठेवून वर-खाली टोचण्यापेक्षा त्याची बारीक चुणी धरून सुईवर दोन-तीन टाके एकदम घ्यायला शिकवलं. सुई वरच राहते, खालचं बोट वाचतं. अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटावर घालायची टोपी, मोठ्यांच्या मापाचं मिळालं, ते मुलांच्या बोटांतून गळून पडायचं. शेवटी मधल्या बोटाला कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. कात्री एकच, गोल टोकाची पण चांगली धारेची, माझ्याजवळ. धार नसलेल्या कात्रीने मुलं कापड ओढून फाडायला बघतात आणि मग काहीही होतं. इस्त्री फक्त मी केली.

प्रत्येकाने वीतभर चौकोनावर आपापली ठिगळं लावली. ते चौकोन मी मशीनवर जोडले, खाली दोन पदर अंथरले आणि कच्चे टाके घातले. मग चारही कडांना मोठी मुलं बसली. गोधडीचा धावदोरा कडेने सुरू करून आत आत नेतात, तसाच नेला. दुपटं झालं तान्ह्या बाळाच्या मापाचं. ते पहिल्या मजल्यावरच्या बाळासाठी होतं, त्यामुळे देण्याआधी चुंबक दोन्ही बाजूंनी फिरवलं, कच्चे टाके काढले, आणि प्रत्येक चौकोन मुठीत दाबून पाहिला. एका आईला वाकडे टाके उसवून नीट घालून द्यायचे होते. मी घालू दिले नाहीत. दोन इंचांचे टाके मात्र बाळाची बोटं अडकू नयेत म्हणून मुलांकडूनच मधे आणखी टाके घालून घेतले.

आता नातीला पायमशीन हवंय. सध्या ती सुईत दोरा न घालता वहीच्या आखलेल्या कागदावर शिवते, म्हणजे रेघेवर भोकं पडतात की नाही ते कळतं. सुईच्या अलीकडे पाट्यावर एक रंगीत पट्टी चिकटवलीय, त्यापुढे बोट न्यायचं नाही. चाक अजून उलटं फिरतं. ते सरळ फिरायला लागलं की दोरा घालू, असं ठरलंय.