जवसाला बेगमी मानवत नाही

ठाण्यातल्या जुन्या घरांमध्ये मे महिना म्हणजे बेगमीचा. जांभळी नाक्यावरून मिरच्या, धने, हळकुंडं आणायची, गच्चीवर उन्हं दाखवायची, डंकावर नंबर लावून मसाला कुटून आणायचा आणि हिंगाचा खडा घालून बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं. मग वर्षभर बघायला नको. आता टॉवरच्या गच्चीला कुलूप असतं, किल्लीसाठी वॉचमनची मनधरणी करावी लागते, पण बेगमीची खोड काही जात नाही. त्यामुळे जवस घरात आला की पहिला विचार हाच: किलोभर एकदम भाजू, एकदाच दळू आणि डबा भरून ठेवू, कटकट नको. पापड, कुरडया, चिंचेचे गोळे यांनी हे सगळं निमूट सोसलं. जवस सोसत नाही.

म्हणजे अख्खा असेपर्यंत तो अगदी गरीब. कोरड्या डब्यात वर्षभर तक्रार करणार नाही. त्याचं ते तपकिरी, गुळगुळीत साल इतकं पक्कं असतं की नीट चावला नाही तर आपल्या पोटालाही दाद देत नाही, गेला तसा बाहेर पडतो. म्हणून तर दळायचा. पण दळला की सालाचा पहारा उठतो आणि आतलं तेल हवेला सापडतं. जवसात वजनाच्या सुमारे ४० टक्के तेल असतं आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग अल्फा लिनोलेनिक आम्लाचा. सगळे ज्याच्यासाठी जवस खातात ते ओमेगा-३ हेच. त्याच्या रेणूत दुहेरी बंधाच्या तीन जागा असतात आणि हवेतला ऑक्सिजन नेमका तिथेच घुसतो.

याचा पुरावा बघायला प्रयोगशाळेत जायला नको. क्रिकेट खेळणारं पोर नव्या बॅटला अळशीचं तेल चोळतं, ते जवसाचंच. ते तेल बॅटवर तेलकट राहत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन आवळतं आणि पापुद्रा धरतं. चित्रकारांचे तैलरंग वाळतात तेही असेच, आणि जुन्या लाकडी खिडक्यांच्या काचा ज्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, बसवायचे ती म्हणजे खडूची पूड आणि हेच तेल. शेंगदाण्याचं तेल बॅटला चोळून बघा, महिनाभर बोटांना लागत राहील. तेव्हा ज्या गुणापायी आपण जवस खातो, त्याच गुणापायी त्याची पूड खवट होते. एक ठेवून दुसरं टाकता येत नाही. खवट पुडीला वासही तसाच येतो, रंगकाम चालू असलेल्या घरासारखा, आणि जिभेच्या मागे कडवट राहतो.

म्हणून दळायचा तो आठवड्यापुरता. वाटीभर जवस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर घ्यायचा. आधी काहीच होत नाही, मग एक दाणा तडतडतो, मग सगळेच, आणि दोन-चार ओट्यावर उडी मारतात. दाताखाली चिवट लागायचा तो कुरकुरीत लागला की गॅस बंद. लालबुंद होईतो भाजण्यात अर्थ नाही. खरी परीक्षा पुढे, कारण तो पुरता गार होईतो थांबायचं असतं. गरम दळला की भांड्यात वाफ धरते. मिक्सरच्या चटणीच्या लहान भांड्यात थांबून थांबून फिरवावा, कारण एका दमात फिरवला तर वर भुरभुरीत पूड दिसते आणि पात्याखाली तेल सुटून काळपट लगदा बसतो. तो चमच्याच्या दांड्याने खरवडताना कळतं, एवढ्याशा दाण्यात किती तेल आहे.

ठेवायचा डबा लहान, स्टीलचा आणि काठोकाठ भरलेला हवा. मोठ्या डब्यात तळाशी दोन चमचे पूड आणि वर सगळी हवा, हे जवसाच्या मुळावर येतं. काचेची बरणी ओट्यावर शोभते, पण उजेडही या तेलाचा वैरीच. डबा फ्रीजमध्ये ठेवायचा, चमचा कोरडा, काढली की लगेच आत. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या हवेत बिस्किटं पाच मिनिटांत मऊ पडतात, तिथे गार पूड उघडी राहिली तर दमट व्हायला कितीसा वेळ? डीपफ्रीझरमध्येही खुशाल ठेवावी, दगड होत नाही.

रोज एक-दोन चमचे पुष्कळ झाले, तेही हळूहळू वाढवावेत आणि वर पाणी प्यावं, कारण जवसात चोथा भरपूर. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. आणि ज्यांच्याकडे बांगडा-तारली होते त्यांनी जवसापुढे मान खाली घालू नये. माशातलं ओमेगा-३ थेट मिळतं, जवसातल्याचं शरीरात त्या रूपात रूपांतर थोडंच होतं. आम्हा वरणभातवाल्यांना मात्र जवसाचाच आधार.

आता चटणी. लसूण, सुकी मिरची, जिरं, मीठ आणि जवस, वर तेलाची धार आणि ज्वारीची भाकरी, हे विदर्भ-मराठवाड्याकडच्या लोकांना कुणी शिकवायला नको. फक्त लसूण-मिरचीखाली खवटपणा बेमालूम लपतो, म्हणून चटणी कुटण्याआधी नुसती पूड चाखावी. बचत गटाच्या प्रदर्शनात तयार चटणी घ्यायची तर ‘कधी कुटली?’ विचारण्यात अर्थ नाही, उत्तर ‘कालचीच’ असंच येणार. चव बघायला ठेवलेल्या बरणीचं झाकण उघडून वास घ्यावा आणि मगच पैसे काढावेत.