कानशीचा वस्तरा

भंगाराच्या दुकानात किलोवर विकली जाणारी जुनी कानस हातात घेतली की तिचे झिजलेले दात तेवढे दिसतात. दात झिजले म्हणून पोलाद झिजत नाही, हे मला बरेच उशिरा कळले. बेळगावच्या शहापुरातल्या एका भंगारवाल्याकडून मी बारा इंची कानस उचलली, तेव्हा तिचा वस्तरा करायचा हे मनात ठरले होते. घरी तसे सांगितल्यावर कोणी काही बोलले नाही, फक्त टिंक्चर आयोडीनची बाटली कपाटातून काढून पुढे ठेवण्यात आली.

लहानपणी दर रविवारी ओट्यावर येणाऱ्या न्हाव्याच्या धोकटीतला वस्तरा मी डोळे विस्फारून पाहिला होता. आता दुकानात अर्धी ब्लेड मोडून लावायचा वस्तरा असतो, तो आरोग्याच्या दृष्टीने योग्यच आहे, पण त्याला घडवण्यासारखे काही उरलेले नाही.

उद्यमबागेत माझ्या एका मित्राचे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. त्याने आधी ती कानस सान-दगडाला टेकवली. साध्या लोखंडी सळईच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. हिच्या ठिणग्या मात्र फुलबाजीसारख्या टोकाशी फुटत होत्या, आणि कार्बन भरपूर असल्याची ती खूण होती. चांगल्या कानशीत तो 1 टक्क्याहून थोडा अधिकच असतो. काही स्वस्त कानशींचा फक्त वरचा थर कडक केलेला असतो आणि आतून त्या लोखंडच असतात, म्हणून एक कोपरा शेगड्यात (वस्तू घट्ट पकडणाऱ्या व्हाइसमध्ये) धरून मोडूनही पाहिला. मोडलेल्या जागी राखाडी, बारीक कण दिसले आणि मित्राने मान हलवली.

मग कानस लाल करून रात्रभर राखेत पुरली. सकाळपर्यंत ती इतकी नरम झाली की दुसऱ्या कानशीने घासता आली. मधोमध कापून दोन तुकडे केले आणि पात्याच्या भागातले दात पूर्ण घासून काढले, कारण एखाद्या दाताची खाच राहिली तर पुढे तडा तिथूनच सुरू होतो. शेपटीच्या, म्हणजे पात्यामागे मुठीकडे जाणाऱ्या भागाच्या, खालच्या अंगाचे दात मात्र मुद्दाम ठेवले. वस्तरा धरताना बोट घसरू नये म्हणून जुने कारागीर तिथे खाचा पाडत, आणि मला त्या आयत्या मिळाल्या होत्या.

वस्तऱ्याची खरी अक्कल त्याच्या पाठीत असते. पाते 18 मिलिमीटर रुंद आणि पाठ 5 मिलिमीटर जाड ठेवली, तर दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून सुमारे 16 अंशांचा कोन आपोआप मिळतो, हाताने अंदाज करावा लागत नाही. चाकूला धार लावताना कोन आपल्या मनगटात असतो. वस्तऱ्यात तो पात्यातच घडवलेला असतो. हे कळल्यावर मी पाठ घासताना जी काळजी घेतली, तितकी लग्नपत्रिकेवरची नावे तपासतानाही घेतली नसेल.

आता नरम केलेले पाते पुन्हा कडक करायचे होते. ‘पोलादाला पाणी देणे’ हा त्यासाठीचा आपल्याकडचा शब्दप्रयोग मी शब्दशः घेतला, आणि पहिला तुकडा तिथेच गमावला. पाते लाल करून बादलीत बुडवताच ‘टिण्’ असा बारीक आवाज झाला. बाहेर काढले तर धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी रेघ होती. इतके पातळ पाते पाण्यात फार झपाट्याने थंड होते आणि तो ताण त्याला सोसत नाही. दुसऱ्या तुकड्याला म्हणून कोमट केलेले गोडेतेल ‘पाजले’. तापमान कळायला जुन्या रेडिओच्या स्पीकरचे लोहचुंबक होते: साधारण 770 अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला ओळख दाखवणे सोडते, त्यानंतर थोडे आणखी तापवायचे आणि सरळ उभे बुडवायचे. तेल भपकन धुमसले, पण आवाज आला नाही. पात्यावर कानस फिरवली तर ती काचेवरून गेल्यासारखी घसरली.

तरीही काम संपले नव्हते, कारण असे पाते काचेसारखेच ठिसूळ असते. ओळखीच्या बेकरीवाल्याने बिस्किटे निघाल्यावर भट्टीत थोडी जागा दिली. सुमारे 200 अंशांवर घासून चकचकीत केलेल्या पोलादावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढतो. तो दिसला की कडकपणा थोडा उतरून पाते टिकाऊ झाले असे समजायचे. शेजारच्या ट्रेमधली नानकटाई आणि माझे पाते जवळजवळ एकाच रंगाचे झाले होते. पुढची घासाघीस पाण्यात बोटे बुडवत केली. पाते बोटाला चटका देऊ लागले की थांबायचे, नाहीतर भट्टीत कमावलेले सगळे दगडावर जाते.

मूठ वडगावातल्या एका विणकराकडच्या तुटक्या धोट्याची केली. वर्षानुवर्षे सुतातून धावून त्याचे लाकूड इतके गुळगुळीत झाले होते की बाहेरच्या अंगाला पॉलिश लागलेच नाही. वस्तरा परजायच्या पट्ट्यासाठी अथणीच्या चपला करणाऱ्या एका कारागिराने चामड्याची लांब पट्टी कापून दिली. कोल्हापुरी म्हणून ज्या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या जिल्ह्यांच्या यादीत आमचे बेळगावही आहे. झाडाची साल आणि हिरडा वापरून कमावलेले हे चामडे क्रोमने कमावलेल्यापेक्षा घट्ट असते आणि धारेवरची बारीक मुरड नीट बसवते. कानस, धोटा, चामडे. माझ्या हाती येण्याआधीच प्रत्येकावर कोणीतरी मेहनत घेतलेली होती, आणि वस्तऱ्यातला माझा वाटा त्या मानाने थोडाच म्हणायला हवा.

1000, 3000 आणि 8000 नंबरच्या दगडांवरून गेल्यावर धारेला हातावरचा केस टेकताच तुटू लागला, तेव्हा तो वस्तरा घेऊन मी नेहमीच्या कटिंगच्या दुकानात गेलो. मालकाने उघडून तो उजेडाकडे धरला, अंगठा धारेला आडवा टेकवला आणि शेपटीवरचे दात पाहून हसला.

“धार बरी आलीया की वो सर,” तो म्हणाला. “पन पाठ जरा जड झाली बगा. आन् मानेकडं तुमी नको, तिथलं माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या.”

गाल आणि हनुवटी मी आता घरीच करतो. मानेसाठी दर पंधरा दिवसांनी त्याच्याकडे जातो, आणि त्याच्या मोडलेल्या ब्लेडच्या वस्तऱ्याकडे थोडे वरच्या नजरेने पाहत असतो.