उबुंटू, फेडोरा आणि आर्चवर व्हर्च्युअलबॉक्स बसवताना: माझा अनुभव

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे संगणकाच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम. लिनक्सच्या या तिन्ही डिस्ट्रोंवर, म्हणजे प्रकारांवर, मी तो वापरतो. पॅकेज एका कमांडमध्ये बसतं. वेळ खातं ते व्हीबॉक्सड्रव्ह हे कर्नल मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला (कर्नलला) जोडायचा तुकडा. जो कर्नल चालू आहे, नेमका त्याच्यासाठीच ते कंपाइल झालेलं लागतं, आणि प्रत्येक डिस्ट्रोत हे काम वेगळ्या पद्धतीने होतं.

आधी टर्मिनलमध्ये एलएससीपीयू चालवून व्हीटी-एक्स (इंटेल) किंवा एएमडी-व्ही, म्हणजे आभासी मशीनसाठीची प्रोसेसरची सोय, यांची ओळ दिसते का ते बघून घ्या. दिसत नसेल तर बायोसमध्ये जायचं. इंटेलला ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीला ‘एसव्हीएम मोड’ चालू करायचा. ६.१ आवृत्तीपासून प्रोसेसरच्या या मदतीशिवाय व्हर्च्युअलबॉक्स चालतच नाही.

उबुंटूवर डीकेएमएस ही मॉड्यूल बनवणारी यंत्रणा असल्यामुळे कर्नल बदलला की मॉड्यूल आपोआप नव्याने कंपाइल होतं. मात्र हेडर्स (कंपाइल करायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) फक्त चालू कर्नलचे न घेता ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ हे पॅकेज घ्या, म्हणजे पुढच्या कर्नलबरोबर त्याचे हेडर्सही येत राहतील. आर्चवर नेहमीचा कर्नल असेल तर तयार मॉड्यूलचं ‘होस्ट-मॉड्यूल्स-आर्च’ पॅकेज पुरतं. झेनसारख्या वेगळ्या कर्नलला ‘होस्ट-डीकेएमएस’ आणि त्या-त्या कर्नलचे हेडर्स लागतात.

फेडोरावर गाडं अडतं ते बहुतेक एकाच कारणाने. चालू असतो जुना कर्नल, आणि डीएनएफ (पॅकेज बसवणारी कमांड) ‘कर्नल-डेव्हेल’, म्हणजे फेडोरातलं हेडर्सचं पॅकेज, आणतं नव्यातल्या नव्या कर्नलचं. दोघांचे आकडे जुळत नाहीत, म्हणून कंपाइल फसतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी पूर्ण अपडेट, मग रीबूट, मग जीसीसी व मेक ही कंपाइलची साधनं आणि कर्नल-डेव्हेल, आणि शेवटी रूट म्हणून व्हीबॉक्सकॉन्फिग ही मॉड्यूल बनवणारी कमांड. तरीही फसलं तर इंटरनेटवर शोधण्याआधी व्हार-लॉगमधली व्हीबॉक्स-सेटअप.लॉग ही फाइल वाचा. खरं कारण बहुधा तिच्यातच असतं.

मॉड्यूल नीट बनलं, पण लोड होताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा संदेश आला, तर समजायचं की सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू आहे आणि मॉड्यूलवर मशीनला मान्य असलेली सही नाही. सिक्युअर बूट बंद करणं हा सोपा उपाय, पण मी तो करत नाही. मॉकयूटिल या कमांडने सही करणारी की (मॉक) इम्पोर्ट करायची. तेव्हा तो एक पासवर्ड मागतो, जो पुढच्या बूटला एकदाच लागतो. रीबूट झाल्यावर निळा पडदा येतो. तिथे दहा सेकंदांच्या आत कोणतंही बटण दाबून ‘एनरोल मॉक’ निवडायचं. ती वेळ चुकली तर मशीन सरळ बूट होतं आणि इम्पोर्ट पुन्हा करावं लागतं. त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, तेव्हा पासवर्डमध्ये चिन्हं न घातलेली बरी.

मॉड्यूल लोड आहे, तरी आभासी मशीन सुरू करताच ‘व्हीईआरआर व्हीएमएक्स इन व्हीएमएक्स रूट मोड’ असा एरर येतो, तेव्हा भांडण केव्हीएमशी, म्हणजे आभासी मशीन चालवण्याच्या लिनक्सच्या स्वतःच्या सोयीशी, असतं. कर्नल ६.१२ पासून केव्हीएम मॉड्यूल लोड होताक्षणीच व्हीटी-एक्स ताब्यात घेतं. त्याआधीच्या कर्नलमध्ये ते केव्हीएमचं पहिलं आभासी मशीन सुरू होईपर्यंत थांबायचं. तात्पुरता उपाय म्हणजे मॉड्यूल लोड करणाऱ्या मोडप्रोब या कमांडला ‘-आर’ देऊन केव्हीएम-इंटेल काढून टाकायचं. कायमचा उपाय हवा असेल तर ग्रब या बूटलोडरमधल्या कर्नलच्या ओळीत केव्हीएमचा ‘इनेबल व्हर्ट ॲट लोड’ हा पर्याय शून्य करायचा. शब्दांमध्ये अंडरस्कोअर, आणि केव्हीएमनंतर टिंब.

आभासी मशीनमध्ये यूएसबी दिसत नसेल तर स्वतःला व्हीबॉक्सयूजर्स गटात घालून लॉगआउट करून परत या; नुसतं टर्मिनल बंद करून उघडल्याने गट लागू होत नाही. ७.० पासून यूएसबी २ आणि ३ साठी एक्स्टेन्शन पॅक हे जोडपॅकेज लागत नाही, तरी जुन्या सूचना वाचून लोक तो बसवतात. त्याचा परवाना वेगळा आहे, ऑफिसच्या मशीनवर बसवण्याआधी तो वाचून घ्या. होस्ट-ओन्ली नेटवर्क (आभासी मशीन आणि आपला संगणक यांच्यापुरतं) ६.१.२८ पासून फक्त १९२.१६८.५६.०/२१ या पट्ट्यात चालतं, १०.० ने सुरू होणारा पत्ता हवा असेल तर ईटीसीतल्या व्हीबॉक्स फोल्डरमध्ये नेटवर्क्स.कॉन्फ ही फाइल तयार करून त्यात तारका (*) आणि पुढे तो पट्टा लिहायचा.

जी आभासी मशीन दिवसरात्र चालू ठेवायची, ती मी केव्हीएमवरच नेतो. तिथे मॉड्यूल कर्नलबरोबरच येतं आणि वरची निम्मी कटकट उरत नाही. व्हर्च्युअलबॉक्सची व्हीडीआय डिस्क क्यूएमयू-इमेज या कमांडने केव्हीएमवर चालणाऱ्या क्यूकाऊ२ प्रकारात बदलता येते. त्यात विंडोज असेल तर डिस्क लगेच व्हर्टआयओ या आभासी मशीनसाठीच्या जोडणीवर टाकू नका, ड्रायव्हर नसल्यामुळे बूट होताना निळा पडदा येईल. आधी मूळ डिस्क साटा या नेहमीच्या जोडणीवरच ठेवून सोबत एक जीबीची रिकामी व्हर्टआयओ डिस्क जोडायची, व्हर्टआयओ-विन आयएसओतून ड्रायव्हर बसवायचा, मशीन बंद करायचं, आणि मगच मूळ डिस्क व्हर्टआयओवर हलवायची.