रेझिनला जपा, बॉयलर आपोआप जपला जातो

आमच्या कुपवाडच्या एमआयडीसीत बोअरचं पाणी इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, आणि हेच पाणी बॉयलरला गेलं की ट्यूबमध्ये क्षार बसतात, उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही आणि इंधन जास्त जळतं. म्हणून सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारी टाकी. टाकीत रेझिनचे खसखशीएवढे पिवळसर मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं साधारण 10 टक्के पाणी सोडायचं, परत ताजे, यालाच रिजनरेशन म्हणतात. पण टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, याने कमी होत नाहीत हं, त्याला सगळेच क्षार काढणारा डीएम प्लांट लागतो, तिथं मिठाच्या जागी ॲसिड आणि कॉस्टिक सोडा.

मागच्या उन्हाळ्यात एका शिफ्टला रिजनरेशन राहून गेलं, मी सकाळी सॅम्पल घेतलं, बफर घालून इंडिकेटर टाकला तर निळा यायच्या जागी वाइनसारखा लाल रंग, म्हणजे जड पाणी तसंच पुढं चाललेलं! पोटात गोळाच आला, लगेच बॉयलरला जाणारं पाणी बंद केलं.

तेव्हापासून दर शिफ्टला टेस्ट मी स्वतः बघतो. आणि लोखंडाचं पाणी, क्लोरीन रेझिनपर्यंत जाऊच देऊ नका, मणी खराब होतात, मग कितीही मीठ ओता.